शुश्रूषागृह निवडताना काय पाहावे

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे मुले मुंबईत आणि आईवडील गावी, अशी घरे पुष्कळ आहेत. त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ येते, तेव्हा तपासणी आपल्यालाच करावी लागते. प्रथम नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार ते दर्शनी भागात लावणे बंधनकारक असून त्याची मुदत तीन वर्षांची असते. २०२१च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही लावलेले हवे.

मात्र कागदावरून शुश्रूषा कळत नाही. दुपारच्या जेवणानंतर, आगाऊ न कळवता जावे. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. त्याची नोंदवही मागावी आणि सगळ्या वेळा एकाच शाईत, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर सावध व्हावे. माकडहाड आणि टाचा पाहाव्यात, कारण शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात बहुधा तेथेच होते. लाल झालेली जागा बोटाने दाबूनही फिकी पडत नसेल, तर व्रण सुरू झाला असे समजावे.

शक्यतो आषाढात जावे. कोकणातल्या दमट हवेत गादी उलटून पाहिली की बुरशी लपत नाही. वीज गेल्यावर ऑक्सिजन यंत्र कशावर चालते, हेही विचारावे. तक्रार असल्यास ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे.