सुट्टीभर झोपूनही थकवा जात नव्हता, मग इस्त्री सापडली

नोकरीला लागून चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. सोमवार ते शुक्रवार कानाला हेडसेट, समोरच्याची तक्रार ऐकायची, "हो सर, समजलं, बघते मी" हे दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणायचं, आणि शनिवार आला की दुपारी एकपर्यंत झोपायचं. उठल्यावर परत मोबाईल घेऊन तासभर लोळायचं, संध्याकाळी कोणी बोलावलं तर जायचं, रविवारी तेच. म्हणजे हिशोबाने बघितलं तर ४८ तास निव्वळ आराम. आणि सोमवारी गजर वाजला की वाटायचं शुक्रवार संध्याकाळचीच मी उठून बसलेय, मधले दोन दिवस कुणी लंपास केले काय माहीत.

मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे, बाकीचे सगळे कसे हसतबिसत येतात. (नंतर कळलं ते पण तितकेच मेलेले असतात, फक्त दाखवत नाहीत.) आता नवीन कोणी जॉईन झालं आणि दोन-तीन महिन्यांत डोळे ओढलेले दिसायला लागले की मी त्यांना हेच पुराण लावते, म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

सुरुवातीला मी काय केलं तर दुसऱ्यांचे उपाय उसने घेतले. एकजण म्हणाला पहाटे पळायला जा, आयुष्य बदलेल. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी बूट बघूनच रडू आलं. मग मेडिटेशनचं ॲप घेतलं, डोळे मिटून शांत बसलं की दिवसभरातला सगळ्यात चिडका कॉलर डोक्यात येऊन बसायचा आणि मी मनातल्या मनात त्याला जी उत्तरं कामावर देता आली नव्हती ती द्यायचे, उठेपर्यंत आधीपेक्षा जास्त तापलेली. वर ते ॲप रोज विचारणार, आज बसलात का? म्हणजे विश्रांतीचीही हजेरी! आणि सगळ्यांचा लाडका सल्ला, "मित्रमैत्रिणींना भेट, फ्रेश वाटेल". दिवसभर बोलून बोलून घसा बसलेल्या माणसाला अजून बोलायला पाठवायचं, हे मला तेव्हा कसं कळलं नाही याचं आता नवल वाटतं. पळणं, ध्यान, गप्पा यांच्यात खोट नाही, लोकांना फायदा होतो. माझ्या थकव्याशी त्यांचं जमत नव्हतं एवढंच.

आमच्या टीममधल्या एक सीनियर होत्या, मोजकं बोलणाऱ्या. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मी म्हटलं मॅडम खूप थकायला होतं. त्यांनी विचारलं, "थकतं म्हणजे नेमकं काय थकतं?" मी गप्प. पाय दुखत नव्हते, झोपही येत नव्हती. खरं सांगायचं तर मला फक्त कुणाचा आवाज नको होता. हे त्या प्रश्नापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी सगळ्यालाच थकवा म्हणत होते आणि सगळ्यावर एकच औषध, पलंग.

त्यांनीच वहीचं सुचवलं. कामानंतर किंवा सुट्टीत जे काही करशील त्याच्या आधी किती बरं वाटतंय त्याचे स्वतःला १० पैकी मार्क दे, झाल्यावर अर्ध्या तासाने परत दे. बस. मी तीन आठवडे लिहिलं, अधूनमधून विसरले पण तरी लिहिलं. आणि त्या वहीने माझी चांगलीच जिरवली. मोबाईल स्क्रोल करणं, जे मी सगळ्यात हक्काचं समजत होते, ते जवळजवळ दर वेळी ४ वरून ३. एकदा तर ५ वरून २ (त्या दिवशी कुणाच्या तरी प्रमोशनची पोस्ट दिसली होती, असो). दुपारपर्यंतची झोप, उठताना ६ आणि रात्री ३. मैत्रिणींबरोबर बाहेर जाणं शुक्रवारी असलं की खाली, रविवारी दुपारी असलं की वर, म्हणजे तीच गोष्ट पण वार बदलला की उलट! आणि एका रविवारी रात्री, "कपड्यांना इस्त्री", ३ वरून ७.

मला वाटलं चुकून लिहिलं असेल. पुढच्या रविवारी परत तेच झालं.

आता इस्त्रीत काय होतं ते सांगते, हसायचं नाही. खोलीत ट्यूबलाईट बंद, फक्त टेबलवरचा दिवा. शर्टाला थोडं पाणी शिंपडायचं, गुंडाळून पाच मिनिटं ठेवायचं म्हणजे ओल सारखी पसरते. आधी कॉलर, आतल्या बाजूने, टोकाकडून मध्याकडे, नाहीतर टोकाला चुणी गोळा होते आणि तीच नेमकी लोकांना दिसते. मग खांदे, बाह्या, आणि बटणांच्या मधल्या जागेत इस्त्रीचं टोक हळूच घालायचं, ते जमलं की काय बरं वाटतं सांगू. ओल्या कापडावर इस्त्री पडली की तो हलका चर्र आवाज आणि गरम सुती कपड्याचा वास. एक शर्ट सात-आठ मिनिटं. हँगरवर लावला की काम संपलं, दिसतंय समोर संपलेलं. माझ्या नोकरीत काहीच कधी संपायचं नाही, एक कॉल ठेवला की दुसरा, आणि इथे पाच शर्ट म्हणजे पाचच शर्ट, त्यातला एकही उलट बोलत नाही.

रूममेट दारात उभी राहून म्हणाली, "अगं बरी आहेस ना तू? रविवारी रात्री साडेनऊला इस्त्री?"

नंतर कधीतरी वाचताना कळलं की यावर अभ्यास झालेला आहे. सबीना सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या दोन संशोधकांनी २००७ साली कामानंतर माणूस सावरतो कसा हे मोजायची प्रश्नावली केली, त्यात चार गोष्टी धरल्यात: कामापासून मन सुटणं, शरीर-मन सैल पडणं, काहीतरी नवीन जमतंय किंवा आव्हान पेलतंय असं वाटणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. मी ते वाचलं आणि माझा शनिवार त्याला लावून बघितला. स्क्रोल करताना शरीर सैल असतं खरं, पण मन कुठे सुटतं, मधेच ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज दिसतो. नवीन काही जमत नाही, आणि वेळ आपल्या हातात आहे म्हणावं तर "पाच मिनिटं" म्हणून उचललेला फोन पाऊण तासाने खाली ठेवतो. इस्त्रीत चारही होतं. जमणं वगैरे शब्द इस्त्रीला फार मोठे वाटतील पण कॉलर एकदा नीट बसवून बघा.

झोपेचं वेगळं सांगायला हवं कारण इथे नवीन लोक सगळ्यात जास्त घोळ करतात. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, जितकं साठेल तितकी झोप दाटते. रविवारी दुपारी एकला उठलं तर रात्री अकरापर्यंत ते पुरेसं साठलेलंच नसतं, शिवाय दोन दिवस उशिरा उठून शरीराचं घड्याळही मागे पडलेलं, मग अंथरुणात टक्क डोळे, आणि सोमवारी पाच तासांच्या झोपेवर उठायचं. चहा-कॉफीतलं कॅफिन याच ॲडेनोसिनची जागा अडवतं, आणि घेतलेल्यातलं साधारण निम्मं पाच तासांनीही शरीरात फिरत असतं (माणसागणिक कमीजास्त), म्हणून संध्याकाळी तरतरी आणली की बिल रात्री येतं. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास हवेत असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली सांगितलंय. मी शनिवार-रविवारचं उठणं फक्त एका तासाने पुढे ठेवलं, त्यापेक्षा जास्त नाही. पहिले दोन आठवडे शिक्षा वाटली. तिसऱ्यापासून सोमवार सुसह्य झाला, सुंदर नाही, सुसह्य.

दुपारच्या डुलकीचा पण एक किस्सा आहे. जेवणाच्या सुट्टीत मी एकदा रिकाम्या मीटिंग रूममध्ये पाऊण-एक तास गाढ झोपले आणि उठून पहिला कॉल घेतला तेव्हा मला समोरच्याला स्वतःचंच नाव धड सांगता येईना. गाढ झोपेतून मधेच उठलं की ही भांबावलेली अवस्था अर्धा तास सुद्धा राहते. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर प्रयोग केला होता, त्यांना उड्डाणात ४० मिनिटांची संधी दिली होती आणि ते सरासरी २६ मिनिटं झोपले, त्यानंतर त्यांची सतर्कता सुधारलेली दिसली. मी २० मिनिटांचा गजर लावते. झोप लागली तर लागली, नाही लागली तरी डोळे मिटलेले असतात हेही काही कमी नाही.

रात्री डोक्यात उद्याची कामं फिरत असतील तर कागदावर उतरवून टाका, खरंच. मायकल स्कलिन यांच्या टीमने २०१८ मध्ये ५७ तरुणांवर हे करून बघितलं, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या काय करायचंय ते लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी बारकाईची तितका फायदा जास्त. प्रयोग छोटा आहे, पण कागद-पेन कुठे महाग आहे. मी "रिपोर्ट" असं मोघम लिहीत नाही, "रिपोर्टचा दुसरा तक्ता, गेल्या महिन्याचे आकडे आधी तपासायचे" असं लिहिते.

आता माझी चूक. इस्त्री आवडते म्हटल्यावर रूममेट म्हणाली माझे पण दोन कर ना. केले. मग तिसरीचे. महिनाभरात रविवारी रात्री माझ्या पलंगावर सतरा कपडे, आणि एकीचा "उद्या सकाळी लागेल गं तो निळा". त्या रात्री वहीत ४ वरून ३ आले, स्क्रोलिंगएवढे! इस्त्री तीच, दिवा तोच, मी तीच. फक्त आता ते कुणाला तरी देणं लागत होते. वर घाईत एकीच्या ड्रेसवर पिवळा डाग पडला, त्यावरून दोन दिवस अबोला. शेवटी सांगून टाकलं, मी फक्त माझे पाच करणार. राग आला त्यांना, गेला पण.

म्हणून मी छंदाचं वेळापत्रक करणाऱ्यांना जरा घाबरूनच असते. रोज अमुक पानं, सलग तमुक दिवस, फोटो टाकायचा... ज्याला जमतं त्याला जमो, मला त्यातून नोकरीचाच वास येतो.

एक गोष्ट मात्र इस्त्रीने सुटली नाही. मधे एक काळ असा आला की दोन जणांची जागा रिकामी आणि त्यांचे कॉल आमच्यावर, मॅनेजर म्हणणार थोडं ॲडजस्ट करा. त्यात झोप, वही, इस्त्री सगळं करूनही मार्क ३ च्या वर जाईनात आणि मी फोन करणाऱ्यांशी तुसडेपणाने वागायला लागले, जे मी एरवी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची जी व्याख्या मान्य केली त्यात हेच तीन भाग आहेत, शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. ते त्याला आजार म्हणत नाहीत, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणतात. हे वाचून मला मोठा आधार वाटला. मी आकडे घेऊन मॅनेजरकडे गेले, माणशी किती कॉल वाढलेत ते दाखवलं. लगेच काही झालं नाही, दीड महिन्याने एक माणूस मिळाला. पण तोवर निदान मी स्वतःला आळशी म्हणणं तरी थांबवलं होतं.

आणि नीट झोपूनही दोन-तीन आठवडे अंगात त्राण नसेल तर वह्याबिह्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. रक्त कमी असणं, थायरॉईड, झोपेत श्वास अडखळणं, नैराश्य, या सगळ्यांची पहिली खूण थकवाच असू शकते. आमच्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन खूप कमी निघालं, ती सहा महिने स्वतःला कामचुकार समजत होती.

वही सुरू करणार असाल तर एकच सांगते, पहिल्या आठवड्यात काही बदलू नका. जसे आहात तसे राहा आणि फक्त मार्क लिहा, लोळत असाल तर लोळण्याचे लिहा. मी पहिल्याच दिवशी सुधारायला निघाले आणि त्यामुळे आधी काय चाललं होतं तेच कळेना, चार दिवस वाया गेले.

गेल्या वर्षी माझं काम बदललं. आता दिवसभर स्क्रीनसमोर एकटी, आकडे तपासायचे, कधीकधी संध्याकाळपर्यंत तोंडातून दहा वाक्यं पण निघत नाहीत. पहिल्या महिन्यात सवयीने इस्त्री काढली, ५ वरून ५. परत केली, ५ वरून ४. मग जुनी वही शोधून नवीन पान काढलं. सध्या त्यात सगळ्यात जास्त मार्क आहेत ते जुन्या रूममेटला फोन करण्याला, तीच ती डागवाली, तासभर बोलतो आणि तिच्याकडे इतकं बोलायला असतं की मला फक्त "हो का", "मग" एवढंच म्हणायचं असतं. शर्ट सध्या तसेच चुरगळलेले घालते.