लग्नाचा दिवस फोटो यायच्या आत लिहून कसा ठेवायचा

लग्न होऊन आठ-दहा दिवस झाले की कोणीतरी विचारतंच, काय मग, कसं झालं लग्न? आणि आपण म्हणतो, मस्त झालं, पण कधी सुरू झालं नि कधी संपलं कळलंच नाही. पुढे एक-दोन किस्से सांगतो, तेच तेच, प्रत्येकाला. हळूहळू त्या दोन किश्शांनाच आपण आपलं लग्न समजायला लागतो आणि बाकीचा अख्खा दिवस गायब. तो जायच्या आत लिहून कसा काढायचा ते सांगते, तास-दोन तासांचं काम आहे आणि त्यासाठी लेखक वगैरे असायची काही गरज नाही.

सगळ्यात आधी, फोटो आणि व्हिडिओ यायची वाट बघू नका. "अल्बम आला की बघून लिहू" असं बरेच जण म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. त्या दिवशी तुम्ही स्वतःचा चेहरा बघितलेलाच नसतो, समोर बसलेल्यांचे बघितलेले असतात, आणि फोटोग्राफर उभा असतो बरोबर उलट्या बाजूला. चार वेळा अल्बम चाळला की आपल्यालाही तो दिवस त्याच्या जागेवरूनच आठवायला लागतो, आपण स्वतः काय बघत होतो ते मागे पडतं. शिवाय विसरायचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो, नंतर मंदावतो, हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये हे मांडलं होतं. आता तो निरर्थक अक्षरं पाठ करत होता, लग्न काही इतकं पटकन पुसलं जात नाही, पण बारीकसारीक गोष्टी आधी जातात हे नक्की.

एवढा मोठा दिवस मी कसा विसरेन असं वाटत असेल तर हे ऐका. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा अपघात झाला, त्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून ही बातमी तुम्हाला कुठे आणि कशी कळली ते लिहून घेतलं. काही वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांची उत्तरं भलतीच आली, आणि खात्री मात्र एकदम पक्की!

आता लिहायचं कसं. मुख्य विधीपासून सुरुवात करू नका, तो सगळ्यांनाच आठवतो आणि त्याचा व्हिडिओही आहे. मधल्या रिकाम्या जागांपासून करा. सकाळी जाग कशाने आली, तयार होताना खोलीत कोण कोण होतं, गाडीत कोणाच्या शेजारी बसलात, "आता बोलावतील" म्हणून थांबलात तेव्हा डोक्यात काय चालू होतं (बऱ्याचदा काहीतरी अगदीच फालतू असतं, तेही लिहा). पायाला काय चावत होतं, भूक लागली होती का, वास कसला येत होता, कोणाचं कोणतं वाक्य कानात राहिलं. "खूप आनंद झाला" हे वाक्य शक्यतो टाळा कारण दहा वर्षांनी त्यातून काहीच उघडणार नाही, त्याऐवजी तेव्हा हात कुठे होते, नजर कोणाकडे गेली ते लिहा. क्रम चुकला तरी चालेल. लिहायचा कंटाळा येत असेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा, पण नंतर टाईप करून ठेवा, नाहीतर ती फाईल परत कोणी उघडत नाही.

दोघांनी वेगवेगळं लिहायचं, आणि पूर्ण होईपर्यंत एकमेकांना दाखवायचं नाही. आधी गप्पा मारल्या की ज्याला जास्त बोलायची सवय आहे त्याचीच आठवण दोघांची होऊन बसते. लिहून झालं की अदलाबदल करून वाचा. फरक निघतीलच, तो म्हणेल मी हसत होतो, ती म्हणेल घाबरला होतास. दुरुस्त्या अजिबात करायच्या नाहीत, दोन्ही तसंच ठेवायचं.

जे बिघडलं तेही लिहा, पण कधी बिघडलं त्या वेळेसकट. डॅनियल कानमन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गार पाण्यात हात धरायचा प्रयोग केला होता, त्यात दिसलं की एखादा अनुभव कसा होता हे आपण त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांच्यावरून ठरवतो, तो किती वेळ चालला ते जवळपास धरतच नाही. म्हणजे रात्री थकून कोणाशी वाजलं असेल तर अख्खा दिवसच वाईट गेला असं वाटू शकतं. वेळ लिहिली की कळतं, भांडण वीस मिनिटांचं होतं आणि त्याआधी दहा तास बरे गेले होते.

मग चार-पाच जणांना फोन करा, खास करून जे मागे धावपळ करत होते त्यांना. "कसं वाटलं" विचारू नका, छानच म्हणतील. "मी स्टेजवर होते तेव्हा तू कुठे होतास?" असं विचारा.

एवढं झालं की खुशाल फोटो बघा. पाहुण्यांकडून मागताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि काढल्याची वेळही त्यातून जाते. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं पुढेमागे असतात, त्यामुळे एकच क्षण दोन्हीकडे सापडला की किती मिनिटांचा फरक आहे ते कळतं आणि क्रम लावता येतो. एकूण तीन कॉपी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा क्लाऊडवर. आणि ग्रुप फोटोंतली नावं आत्ताच लिहून टाका, आपल्या बाजूची आपण, जोडीदाराच्या बाजूची त्याने किंवा तिने, आणि दोघांनाही न ओळखू येणारा जो एक माणूस चार-चार फोटोंत सापडतो त्याच्यासाठी सरळ घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला फोन लावा.