छोट्या कामाला इलेक्ट्रिशियन बोलावताना: परवाना बघा, अर्थिंग मोजून घ्या

गीझरचा पॉइंट काढायचा आहे, एसीला वेगळी लाइन ओढायची आहे, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतोय. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘छोटं काम आहे, हार्डवेअरवाल्याकडचा मुलगा करून देईल.’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. नव्या वीजजोडणीला ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणजे निदान एक तरी जबाबदार माणूस त्यामागे उभा असतो. नंतर बसवलेल्या गीझरच्या सॉकेटकडे मात्र तुमच्याशिवाय कुणीही बघणार नसतं.

आधी तक्रार नेमकी करा

‘लाइट गेलीय, या’ एवढं सांगून चालत नाही. कोणता बोर्ड, काय चालू असताना बिघडतं, वास किंवा चरचर येते का, घरात इन्व्हर्टर आहे का, हे फोनवरच सांगा. नवा पॉइंट हवा असेल तर उपकरणावरच्या पट्टीवरचे वॅट वाचून सांगा. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर घेतो, 3000 वॅटचा 13. त्याला 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचं सॉकेट हवं. दीड टनाच्या एसीला 4 चौरस मिमीची स्वतंत्र लाइन आणि 20 अँपिअरचा एमसीबी ठेवा. जवळच्या दिव्याच्या बोर्डातून वायर ओढून गीझर चालवायची ‘युक्ती’ कुणी सुचवली, तर तो माणूस तिथेच बाद.

शेजाऱ्यांचीही वीज गेली असेल किंवा मीटरच्या आधीच काही जळालं असेल, तर काम वीज कंपनीचं आहे. 1912 ला फोन करा. मीटरचं सील खाजगी माणसाला तोडू देऊ नका.

परवाना विचारायला लाजू नका

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशा वस्तू होत्या तशाच बदलणं सोडलं, तर वायरिंगमधली भर किंवा दुरुस्ती परवानाधारक ठेकेदारामार्फत, पर्यवेक्षक आणि वायरमन परवाना असलेल्या माणसांकडूनच व्हायला हवी. म्हणजे बटण बदलणं वेगळं आणि नवी लाइन ओढणं वेगळं. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ही चांगली सुरुवात आहे, पण ते प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. परवान्यावरचा फोटो, नाव आणि मुदत बघा. पुष्कळदा परवाना शेठचा असतो आणि काम करायला येतो हेल्पर, म्हणून ‘दादा, हात कोण लावणार?’ हे आधीच विचारून घ्या.

सोबत दुसरा प्रश्न विचारा: मल्टीमीटर (व्होल्टेज आकड्यात दाखवणारं यंत्र) आणता का? खिशातल्या टेस्टरवर सगळं भागवणाऱ्याला बोलावू नका. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे व्होल्टेज आहे, एवढंच कळतं. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटलंय का, अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर) पोचतंय का, याचा त्याला पत्ता नसतो.

मजुरी आणि सामान वेगवेगळं ठरवा. वायर, एमसीबी, सॉकेट आयएसआय मार्क बघून बिलासह स्वतः आणा.

काम सुरू होताना

मेन बंद केला की घर मेलं, असं समजू नका. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असतानाही काही पॉइंट जिवंत राहतात आणि त्यांचं न्यूट्रल बाकीच्यांशी जोडलेलं असू शकतं. इन्व्हर्टर आधी बंद करायला सांगा. चांगला कारागीर मल्टीमीटर आधी चालू पॉइंटवर लावून बघतो, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. म्हणजे मीटर बिघडलेला नाही, याचीही खात्री होते.

एमसीबी पडत असेल तर तो का पडतो, हे शोधायला लावा. ‘16 चा काढून 32 चा टाकतो, पुन्हा पडणार नाही’ हे उत्तर ऐकलं की काम थांबवा. एमसीबी असतो भिंतीतली वायर वाचवायला. 1.5 चौरस मिमीच्या वायरीवर 32 चा एमसीबी बसवला, तर 25-30 अँपिअर जात असतानाही तो शांत बसेल आणि भिंतीत वायरीचं आवरण वितळत राहील.

अर्थिंग: इथे कुणावरही विश्वास ठेवू नका

घरगुती कामात सगळ्यांत जास्त फसवणूक इथे होते. ती दिसत नाही, उपकरण व्यवस्थित चालतं आणि वर्षानुवर्षं काही घडत नाही.

तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून बघा. वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं (वीज आणणाऱ्या वायरीचं), डावीकडचं न्यूट्रलचं. बोर्डापर्यंत अर्थिंगची हिरवी वायर आलेलीच नसेल, तर आळशी माणूस बोटभर वायरीचा तुकडा घेऊन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडून टाकतो. ‘न्यूट्रलवरून अर्थिंग दिलंय’ असं वर सांगतोही. याच्याइतकं धोकादायक काम दुसरं नाही. पुढे कधी मागच्या बाजूला न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला, की फेज उपकरणातून फिरून त्याच तुकड्यावरून गीझरच्या, फ्रिजच्या, वॉशिंग मशिनच्या धातूच्या अंगावर येतो. 230 व्होल्ट, ओल्या बाथरूममध्ये. एमसीबी पडत नाही, कारण त्याच्या लेखी जास्तीचा करंट गेलेलाच नसतो.

म्हणून पैसे देण्याआधी तुमच्यासमोर मल्टीमीटर लावून तीन आकडे वाचायला सांगा आणि कागदावर लिहून घ्या. फेज ते न्यूट्रल: 230 च्या आसपास. फेज ते अर्थ: जवळजवळ तेवढंच. मग त्याच बोर्डावर इस्त्री किंवा गीझर चालू करून न्यूट्रल ते अर्थ: साधारण अर्धा ते तीन व्होल्ट. पाचच्या वर गेला तर कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा वायर बारीक आहे. मात्र आकडा अगदी 0.0 आला तर ‘वा, छान’ म्हणू नका. लोड चालू असताना न्यूट्रलमधून करंट वाहतो, त्यामुळे खऱ्या अर्थशी त्याचा थोडा फरक पडतोच. फरक शून्य म्हणजे मागे तो तुकडा असण्याची दाट शक्यता. मेन बंद करून सॉकेटची प्लेट उघडायला लावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा: हिरवी वायर नळीतून आलेली दिसली पाहिजे. डीबीतही (सगळे एमसीबी असतात त्या पेटीतही) न्यूट्रलची पट्टी आणि अर्थची पट्टी वेगवेगळ्या असायला हव्यात.

आकडे बरोबर आले तरी एक चाचणी उरते. मल्टीमीटरमधून नगण्य करंट जातो, त्यामुळे केसाएवढ्या तारेने कशीबशी टिकलेली अर्थिंगही मीटरवर झकास दिसते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॅटचा साधा, तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) लावायला सांगा. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो तत्काळ पडला पाहिजे. आरसीसीबी नसेल तर बल्ब भरपूर प्रकाशाने लागला पाहिजे. बल्ब मंद लागला किंवा लागलाच नाही, तर अर्थिंग कामाचं नाही. आरसीसीबी असूनही तो पडला नाही आणि बल्ब लख्ख पेटला, तर तुकडा सापडला असं समजा. ही चाचणी इलेक्ट्रिशियननेच करायची, तुम्ही नाही. त्या दरम्यान घरात कुणी गीझर, फ्रिज, मशीन किंवा नळाला हात लावायचा नाही, कारण अर्थिंग तुटलेलं असेल तर बल्बमधून आलेला करंट थेट त्यांच्यावर जातो.

आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबून ‘बघा, पडला, अर्थिंग ओके’ म्हणणारे बरेच भेटतात. त्या बटणाचा अर्थिंगशी संबंधच नाही. अर्थिंगची वायर नसलेल्या घरातही ते बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो. उपकरण ठीक आहे एवढंच त्यातून कळतं, आणि तेवढ्यासाठी ते महिन्यातून एकदा जरूर दाबा.

नळाला किंवा शॉवरला हलका करंट लागत असेल, तर पावसाळ्यातली ओल म्हणून सोडून देऊ नका. गीझरचा प्लग काढून ठेवा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) करंट गळवतंय आणि अर्थिंग पोचत नाही, अशा दोन चुका बहुधा एकाच वेळी झालेल्या असतात. नुसतं एलिमेंट बदलून गेलेला माणूस अर्धंच काम करून जातो.

शेवटची फेरी

एका स्क्रूखाली तीन वायरी कोंबलेल्या नाहीत ना, वायरी ओढल्यावर हलत नाहीत ना, ते बघा. डीबी उघडी असताना फोटो काढा, प्रत्येक एमसीबीवर खोलीचं नाव लिहून घ्या. मग गीझर अर्धा तास चालवा, बंद करा आणि प्लग उपसून पिनांजवळ बोट न्या. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर सॉकेट किंवा जोडणी ढिली आहे, ती नीट करून घ्या आणि त्यानंतरच मजुरी द्या.