विजापूर दोन दिवसांत: गोलघुमट शेवटी ठेवा

विजापूरला जाणारे बहुतेक जण उतरल्या उतरल्या गोलघुमट गाठतात, वर चढून दोन आरोळ्या ठोकतात, खाली येऊन ‘आता बाकी काय आहे?’ असं विचारतात आणि दुपारपर्यंत कंटाळतात. यात दोष शहराचा नाही, क्रमाचा आहे. गोलघुमट, म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, हा आदिलशाही बांधकामाचा जवळजवळ शेवटचा टप्पा. त्याआधीच्या शे-सव्वाशे वर्षांत इथल्या गवंड्यांनी जे करून पाहिलं, ते आधी पाहिलं तर त्या घुमटाखाली उभं राहिल्यावर मान वर करण्यापलीकडेही काही घडतं. म्हणून ही आखणी जामा मशिदीपासून सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गोलघुमटाशी येते.

वार आधी ठरवा. शुक्रवार टाळाच. त्या दिवशी गोलघुमटाच्या आवारातलं पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं आणि जामा मशिदीत जुम्म्याची गर्दी असते. मधल्या वारांचे सलग दोन दिवस सगळ्यात चांगले. नोकरदारांना शनिवार-रविवारच सापडत असेल तर तेही चालेल, पण मग रविवारी गोलघुमटावर फाटक उघडायच्या वेळेलाच पोचायला हवं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची जत्रा असते. तेव्हा खोली आधी सांगून ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि इथल्या जवळजवळ सगळ्या इमारतींत तापलेल्या फरशीवर अनवाणी चालावं लागतं. पातळ मोजे पिशवीत असू द्या.

सोलापूर हे सोयीचं दार. तिथून विजापूर सुमारे १०० किलोमीटर, रस्ता चांगला. एसटीच्या आणि कर्नाटकच्या बस दिवसभर असतात, दोन-अडीच तास लागतात. सोलापूर-होटगी-गदग मार्गावर रेल्वेही आहे. तिचं विजापूर स्थानक शहराच्या पूर्वेला, गोलघुमटाच्या बाजूला. बसस्थानक पश्चिमेकडे, बालेकिल्ल्याजवळ. मुक्काम मात्र गोलघुमटापासून चालत जाता येईल असाच घ्या, भले बस दुसऱ्या टोकाला उतरवो. पहाटे पावणेसहाला रिक्षा शोधत बसण्यात पहिला अर्धा तास गेला, की या आखणीतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास गेला. तिकिटं काढताना, पाट्या वाचताना ‘विजयपुर’ हे नाव पाहा. २०१४ पासून तेच अधिकृत आहे.

पहिल्या दिवशी सोलापूरहून सात-साडेसातला निघून दहाच्या सुमारास पोचा, सामान टाका आणि पावणेअकरापर्यंत जामा मशिदीत या. पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, १५७६ च्या आसपास हिचं काम सुरू झालं. विजयनगरचा पाडाव करणारी तालिकोटची लढाई १५६५ ची. विजयनगरची लूट आल्यानंतरचं हे बांधकाम, तरी दिखाऊपणा जवळपास नाही. अंगे उघडी राहणार नाहीत असे कपडे घाला, डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल ठेवा, आणि दुपारच्या नमाजाआधी, म्हणजे साडेबाराच्या आत बाहेर पडा.

आत पाहायचं काय? दालन खांबांच्या चौकटींनी विभागलेलं आहे, नऊ चौक रुंद आणि पाच चौक खोल. मधल्या नऊ चौकांच्या जागेत आतले चार खांब गाळले आहेत आणि त्या मोकळ्या जागेवर घुमट आहे. त्याखाली उभं राहून कमानी मोजा. प्रत्येक बाजूने दोन, अशा आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात. त्यांच्या छेदांतून चौकोनाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनावर घुमटाचं वर्तुळ बसतं. ही मांडणी डोळ्यांत पक्की होईपर्यंत इथून हलू नका, लागली तर वहीत रेघोट्या ओढा. उद्या हेच कित्येक पटींनी मोठं दिसणार आहे आणि तिथे आकाराने दिपून गेल्यावर कमानी मोजायचं भान राहत नाही. मिहराबवर, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीतल्या कोनाड्यावर, १६३६ मधलं सोनेरी आणि रंगीत काम आहे. तिथे बहुधा पडदा असतो, देखभाल करणाऱ्यांना अदबीने विचारलं तर दाखवतात. जमिनीवर नमाजासाठी आखलेल्या सुमारे २,२५० चौकटी आहेत.

मशिदीतून बालेकिल्ल्याकडे येताना वाटेत मेहतर महाल लागतो. नावाला महाल, प्रत्यक्षात एका छोट्या मशिदीचा दरवाजा. छज्जाखालचे दगडी हात इतके बारीक कोरलेले, की लाकूडच वाटावं. दहा मिनिटं पुरतात, पण मान दुखेपर्यंत वर बघायची ती दहा मिनिटं.

जेवण दुपारी एक ते दोन. कडक किंवा मऊ ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी आणि दही मिळेल अशी साधी खानावळ शोधा. पंजाबी भाज्यांची लांबलचक यादी लावलेली जागा टाळली तरी फार काही हुकत नाही. मराठी बहुतेक ठिकाणी कळते.

दोननंतर रिक्षा अर्ध्या दिवसासाठी ठरवा. ठरवताना ठिकाणांची नावं मोजून सांगा: बालेकिल्ला, बारा कमान, मलिक-ए-मैदान, उपली बुरूज, ताज बावडी, इब्राहिम रोजा, आणि परत मुक्कामी. ‘सगळं दाखवतो’ या बोलीवर बसलात तर इब्राहिम रोजाला वीस मिनिटं मिळतात. तिथे दीड तास थांबणार, हे आधीच बोलून घ्या. थांबण्याचे पैसे कशात धरले आहेत, हेही तेव्हाच ठरवा, वाद तिथेच होतो.

बालेकिल्ल्यात करीमुद्दीनची मशीद पाच मिनिटं का होईना पाहा. ती आदिलशाहीच्याही आधीची, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत. जवळच गगन महाल, १५६१ चा. मधली कमान सुमारे ६० फूट रुंद, दोन्हीकडच्या अरुंद आणि तितक्याच उंच. हा दरबार, समोरचं मैदान प्रजेसाठी, म्हणून दर्शनी भाग भिंत न घालता मोकळा सोडला. वरच्या मजल्याचं लाकूडकाम नाहीसं झालंय, भिंतीतल्या तुळयांच्या खाचा तेवढ्या उरल्यात. त्या शोधल्या की मजले मनात उभे करता येतात. १६८६ मध्ये आदिलशाही संपली तेव्हा कोवळ्या सिकंदर आदिलशहाला औरंगजेबासमोर इथेच आणलं, असं सांगतात.

बारा कमान ही दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी कबर. १६७२ मध्ये तो गेला आणि काम थांबलं. लोक इथे फोटो काढून निघतात. पण विजापुरात बांधकामाची रीत उघडी पडलेली जागा हीच. गिलावा नाही, घुमट नाही, नुसत्या काळ्या दगडाच्या कमानी आणि त्यांचे सांधे. सकाळी जामा मशिदीत चुन्याखाली झाकलेलं जे होतं ते इथे सोललेलं दिसतं. पावणेतीनच्या उन्हात सावल्या कडक पडतात, फोटो फारसे येत नाहीत. पण सांधे वाचायला तेच ऊन कामाला येतं.

मलिक-ए-मैदान तोफ पश्चिमेच्या तटावर, शेर्झा बुरुजावर आहे. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला, निजामशाहीत ओतली; मुहम्मद बिन हुसेन रूमी हा तिचा ओतारी. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला आली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती कोरला आहे. हत्ती दिसायला बाजूने वाकावं लागतं, समोरून तो हुकतो. तिथून उपली बुरूज जवळ. सुमारे ८० फूट उंच, बाहेरून वळत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. गुडघे उद्यासाठी राखायचे असतील तर हा सोडा. चढलात तर वरच्या लांबलचक लोखंडी तोफांपेक्षा शहराकडे जास्त वेळ बघा, घुमटांची जागा आणि अंतरं इथून नीट कळतात. ताज बावडीला दहा मिनिटं. तिची रुंद कमान पाहण्याजोगी आहे, पाणी मात्र पाहण्याजोगं असेलच असं नाही.

चार-सव्वाचारला इब्राहिम रोजा. पहिल्या दिवसाचं मुख्य ठिकाण हेच, आणि नजाकतीत गोलघुमटाच्या कितीतरी वर. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने राणी ताज सुलतानासाठी हे काम काढलं आणि १६२७ मध्ये स्वतःही इथेच विसावला. रचनाकार मलिक संदल. एकाच जोत्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मध्ये कारंज्याचा हौद. आधी जोत्याला बाहेरून एक फेरी मारा, मग कबरीच्या ओवरीतून फिरा, आणि मगच आत जा. भिंतींवरची अक्षरं नक्षी म्हणून नुसती कोरलेली नाहीत. खिडक्यांतल्या दगडी जाळ्याच अक्षरांच्या आहेत, म्हणून त्या आतून, बाहेरचा उजेड येताना बघायच्या. दाराशी थांबून डोळे अंधाराला सरावू द्या; लगेच मोबाइलचा दिवा लावला की जाळी दिसेनाशी होते. आतलं छत सपाट आहे, दगडाचं, सुमारे ४० फूट चौरस खोलीवर, खालून एकही आधार न दिसता. त्याच्या वर पोकळी आणि तिच्यावर बाहेरून दिसणारा घुमट. म्हणजे बाहेरून जे दिसतं ते आतून नाही. गोलघुमटात याच्या उलट: जेवढा घुमट तेवढाच आतला अवकाश. हा फरक रात्री झोपण्याआधी एकदा आठवा. मशिदीच्या छज्जाला एकाच दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबतात. काही तुटल्या आहेत, उरलेल्या बघायला वर पाहत सावकाश चाला.

दुसऱ्या दिवशी सहाला गोलघुमटाच्या फाटकाशी. तिकीट दोन आकडी रकमेचं आहे, सुटे पैसे ठेवा. आत शिरल्यावर लगेच चढायचं, दालन नंतर बघायचं. कारण एकच: वरच्या सज्ज्यात पहिली वीस मिनिटं शांतता मिळते, पहिली सहल आली की संपली. जिना कोपऱ्यातल्या सात मजली अष्टकोनी मनोऱ्यातून जातो. अरुंद, उंच पायऱ्या, आत अंधार, समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं. मधल्या खिडक्यांशी दम घ्या. गुडघ्याचं दुखणं किंवा उंचीची भीती असलेल्यांनी खालीच थांबावं, त्यात कमीपणा नाही. दालनाचा अंदाज खालूनच जास्त चांगला येतो. जिना गच्चीवर निघतो, आणि गच्चीवरून दारातून सज्ज्यात शिरायचं.

इथे सगळे जी चूक करतात ती म्हणजे ओरडणं. आवाज घुमटाच्या वक्र भिंतीला धरून सरकत समोर पोचतो, त्यामुळे कुजबूज पुरते. दोघांनी अगदी समोरासमोर जा, मध्ये सुमारे ३८ मीटर अंतर राहतं. बोलणाऱ्याने तोंड भिंतीकडे करून हळू बोलायचं, ऐकणाऱ्याने कान भिंतीजवळ ठेवायचा. मग एकच टाळी वाजवा आणि ती किती वेळा परतते ते मोजा; पहिली विझल्याशिवाय दुसरी वाजवू नका. पाचपन्नास लोक एकदम ओरडले की सगळे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट उरतो, आणि लोक ‘काही खास नाही’ म्हणत खाली उतरतात.

आता कठड्यापाशी सांभाळून उभं राहून खाली बघा. घुमटाचा आतला व्यास ३७.९ मीटर, दालन मात्र चौरस आणि बाजू सुमारे ४१ मीटर. चौकोन आणि वर्तुळ यांची सांगड काल जामा मशिदीत मोजलेल्या त्याच आठ कमानींनी घातली आहे. छेदणाऱ्या कमानी आतल्या बाजूला झुकत येतात. त्यांच्या वजनाचा ओढा आत असतो, तर घुमटाचा रेटा बाहेर. दोन्ही एकमेकांना आवरतात. आणि कमानी आत झुकल्यामुळे जी कडा तयार झाली, तीच हा सज्जा. घुमट वीट आणि चुन्याचा, सुमारे १० फूट जाड. खाली उतरल्यावर दालनाच्या मधोमध उभं राहून हेच उलट क्रमाने पाहा. जोत्यावर दिसणाऱ्या कबरी खुणेच्या आहेत, खऱ्या तळघरात. मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला तेव्हा सजावट राहून गेली, म्हणून भिंती अशा रुक्ष. या इमारतीचं श्रेय परंपरेने याकूत दाबुलीला देतात, म्हणजे कोकणातल्या दाभोळच्या माणसाला.

वाटाड्या घ्यायचा तर इथेच घ्या. आधी विचारा, ‘घुमट कशावर उभा आहे?’ उत्तर कमानींपासून सुरू झालं तर बोली करा. रंभा नर्तकीने वरून उडी मारली या दंतकथेपासून सुरू झालं तर पाट्या वाचलेल्या बऱ्या.

आठ-साडेआठला न्याहारी, मग असर महाल. पूर्वी न्यायदानाची जागा, पुढे पैगंबरांच्या केसांचा अवशेष ठेवलेली; बायकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे उंच सागवानी खांबांचा दर्शनी भाग आणि समोरचा हौद बाहेरूनच पाहावा लागतो. दहाला परत गोलघुमटाच्या आवारात, नक्कारखान्यातल्या संग्रहालयात. तासभर द्या, शिलालेख, शस्त्रं आणि गालिचे आधी पाहा.

वेळ उरला तर लोक बदामी जोडायचा बेत करतात. करू नका, शंभराहून जास्त किलोमीटर जाऊन अंधारात लेणी बघावी लागतात. त्यापेक्षा पश्चिमेला शेतात साठ कबर नावाची जागा आहे, कबरी सगळ्या एकसारख्या, ओळीने. अफजलखानाने १६५९ च्या मोहिमेवर निघण्याआधी बायकांना मारून इथे पुरलं, ही आख्यायिका रिक्षावाला सांगेलच. इतिहास म्हणून ती घेऊ नका, पण जागा बघा. वाट कच्ची आहे, पावसाळ्यात रिक्षा आत जात नाही. दुपारी दोनची सोलापूरची बस धरली तर संध्याकाळच्या पुणे-मुंबईच्या गाड्या सापडतात.