लिनक्स कर्नल एकेक ओळ चालवून कसा तपासावा

क्यूएमू (आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) आणि जीडीबी (कोड थांबवून तपासायचं साधन, म्हणजे डीबगर) तुमच्याकडे आहेत, लिनक्सचा गाभा असलेला कर्नल स्वतः बिल्ड करता येतो, हे धरून चालतो. बिल्ड करताना डीबग माहिती आणि जीडीबी स्क्रिप्ट्स चालू ठेवा. बूटच्या ओळीत 'नोकेएएसएलआर' लिहायला विसरू नका. ते नसेल तर कर्नल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर जाऊन बसतो, जीडीबीकडचे पत्ते चुकीचे ठरतात आणि ब्रेकपॉइंट (कोडमध्ये थांबायची खूण) लागतच नाही.

क्यूएमूला लहान एस आणि मोठा एस हे दोन्ही पर्याय द्या. पहिल्याने १२३४ पोर्ट उघडतो, दुसऱ्याने सीपीयू सुरुवातीलाच थांबून राहतो. प्रोसेसर एकच द्या. जीडीबीत व्हीएमलिनक्स, म्हणजे बिल्डमधून निघालेली डीबग माहितीसह कर्नलची फाइल, उघडा. कॉम्प्रेस केलेली बीझेडइमेज इथे कामाची नाही.

पहिला ब्रेकपॉइंट 'स्टार्ट_कर्नल' या कर्नलच्या सुरुवातीच्या फंक्शनवर लावा, तोही 'एचब्रेक' या हार्डवेअर ब्रेकपॉइंटच्या कमांडनेच. केव्हीएम (आभासी मशीनचा कोड थेट खऱ्या सीपीयूवर चालवणारी लिनक्सची सोय) चालू असताना साधा 'ब्रेक' त्या पत्त्यावर सीसी हा एक बाइट लिहून ठेवतो. कर्नल तर अजून मेमरीत उलगडायचाच असतो. उलगडताना तो बाइट पुसला जातो. हार्डवेअर ब्रेकपॉइंट सीपीयूच्या रजिस्टरमध्ये राहतो, म्हणून टिकतो. एक्स८६ वर असे ४ च मिळतात, तेव्हा बूट पुढे सरकलं की साध्या ब्रेकपॉइंटवर या.

आता खरी अडचण. एका ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडलं की चालणाऱ्या) मी थांबलो होतो. 'स्टेप' दिली, तर पुढची ओळ येण्याऐवजी समोर आलं 'असम_सिसव्हेक_एपिक_टायमर_इंटरप्ट', म्हणजे टायमरचा इंटरप्ट (सीपीयूला मध्येच दुसऱ्या कामाला लावणारा इशारा) हाताळणारा कोड. पुन्हा बूट केलं, पुन्हा तिथेच. स्टॅक बिघडलाय असं समजून मी दोन रात्री ड्रायव्हरचा कोड चाळत बसलो. ड्रायव्हरमध्ये काहीही चुकलेलं नव्हतं.

तुम्ही प्रॉम्प्टपाशी विचार करत बसता तेव्हा घड्याळ थांबत नाही. टायमरची वेळ उलटून गेलेली असते आणि इंटरप्ट दाराशी उभा असतो. 'स्टेप' देताच सीपीयू आधी त्याला आत घेतो; तुमची ओळ तशीच राहते. केव्हीएमवर, विशेषतः होस्टचा (तुमच्या खऱ्या मशीनचा) कर्नल जुना असेल तर, हे हमखास होतं. यावर माझा उपाय साधा आहे: केव्हीएम बंद करा. क्यूएमूचा स्वतःचा एम्युलेटर सिंगल-स्टेपच्या वेळी इंटरप्ट आणि टायमर आपणहून अडवून धरतो. वेग कमी होतो, पण तुम्ही एकेक ओळ बघणार आहात. वेग हवाय कशाला?

केव्हीएम लागणारच असेल तर 'स्टेप' सोडा. पुढच्या ओळीवर 'टीब्रेक' (एकदा थांबवून आपोआप निघून जाणारा ब्रेकपॉइंट) लावा आणि 'कंटिन्यू' द्या. इंटरप्ट त्याचं काम उरकतो आणि तुम्ही ठरलेल्या ओळीवर येता. इंटरप्टच्या हँडलरमध्ये (तो हाताळणाऱ्या कोडमध्ये) आधीच अडकला असाल तरीही हेच करा, तिथून स्टेप करत बाहेर यायच्या भानगडीत पडू नका.

ईफ्लॅग्ज या सीपीयूच्या रजिस्टरमधला इंटरप्टचा बिट हाताने शून्य करा, असा सल्ला बरेच जण देतात. तो अजिबात ऐकू नका. पुढे 'लोकल_आयआरक्यू_सेव्ह' (फ्लॅग जपून ठेवून इंटरप्ट बंद करणारा कोड) आलं की तुमचा खोटा फ्लॅगच जपून ठेवला जातो आणि 'रिस्टोअर'नंतरही इंटरप्ट बंदच राहतात. मग सिस्टीम गोठते, आणि ते गोठणं तुम्ही कर्नलचा बग समजून शोधत बसता.

'टीब्रेक'ची एक खोच आहे. त्या ओळीवर दुसराच टास्क आधी येऊ शकतो. म्हणून पहिल्यांदा थांबताच जीडीबी स्क्रिप्ट्समधल्या 'एलएक्स_करंट'मधून चालू टास्कचा पीआयडी (ओळख क्रमांक) पाहून लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक थांब्यावर तो जुळतोय का बघा. जुळला नाही तर 'टीब्रेक' परत लावून 'कंटिन्यू'.

ओळी पुढेमागे उड्या मारताना दिसतील, काही व्हेरिएबल 'ऑप्टिमाइझ्ड आउट' म्हणतील. कर्नल ऑप्टिमायझेशनशिवाय बिल्डच होत नाही, त्यामुळे हे चालायचंच. अशा ठिकाणी 'डिस्प्ले/आय' पीसीवर (चालू सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरवर) लावून 'स्टेपआय'ने एकेक सूचना पुढे जा आणि व्हेरिएबलऐवजी रजिस्टर वाचा.