एअर रायफल घेताना या चुका टाळा

मणी गोड व्हायला लागले की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत पाखरं हाकलायला एअर रायफलची चौकशी सुरू होते. पण बुलबुल, पोपट यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं संरक्षण आहे. त्यांना मारणं हा गुन्हा आहे. बागेला जाळी लावा. शिकारीचा विचारही नको. रायफल घ्यायची ती कागदी टार्गेटवर नेमबाजी करायला.

सगळ्यात महागात पडते ती डब्यावर लिहिलेला छऱ्याचा वेग बघून केलेली खरेदी. विनापरवाना चालते ती 4.5 मि.मी. (.177 इंच) बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, आणि छऱ्याची ऊर्जा 20 ज्युलच्या आत असलेली. बिल जपून ठेवा. 10 मीटरवरच्या टार्गेटला सेकंदाला 175 मीटर वेग भरपूर झाला. तिथे दहा गुणांचा मधला ठिपका अवघा अर्धा मि.मी. असतो, तो जोराने साधत नाही. कडक स्प्रिंगची रायफल चाळीस वेळा नळी खाली वाकवून भरली की हात थरथरतो आणि नेम जातो. छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ पोचला की डगमगतो, ते वेगळंच.

छर्रे स्वस्त बघून घेऊ नका. सरावाला चपट्या तोंडाचे, साधारण 0.53 ग्रॅमचे घ्या. डोक्याचा व्यास 4.49 की 4.50 मि.मी., हे प्रत्येक नळीला वेगळं मानवतं. दोन-तीन जातींचे पाच-पाच छर्रे मऊ टेकूवरून मारा. ज्याचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, लहान, तोच घ्या. मागची कडा चेपलेला छर्रा बाजूला काढा.

ग्रुप अचानक पसरला तर लगेच स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) बटणं फिरवू नका. आधी दस्त्याचे स्क्रू तपासा, ते धक्क्यांनी ढिले होतात. मग स्कोप रायफलवर धरून ठेवणारे माउंट बघा. स्प्रिंग रायफलचा धक्का मागे आणि पुढे, दोन्हीकडे बसतो, म्हणून स्कोप एअरगनसाठी बनवलेलाच हवा. तिसरं कारण पकड. अशी रायफल आवळून धरली की दर वेळी वेगळी उसळते. पुढचा भाग उघड्या तळव्यावर नुसता ठेवा, कडक टेबलावर टेकवू नका.

छर्रा न घालता चाप ओढू नका: स्प्रिंगने पुढे ढकललेल्या पिस्टनपुढे (हवा दाबणाऱ्या दट्ट्यापुढे) हवेची गादी राहत नाही, तो थेट आदळतो आणि सील फाटतं. भरताना नळी हाताने घट्ट धरून ठेवा, सटकली तर बोटं चिरडतील. इगतपुरी-त्र्यंबककडच्या दमट पावसाळ्यात नळी बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसा, पण पिस्टनच्या सिलिंडरमध्ये तेल सोडू नका. दाबाने ते पेटतं, धूर येतो, स्प्रिंग आणि सील दोन्ही जातात. टार्गेटमागे उघडी भिंत नको, छर्रा उलटतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.