पालकांना वर्गाशी जोडून घेण्याआधीची तयारी

पालकसभेची तारीख ठरवण्याआधी एक कागद घ्या आणि येत्या महिन्यात वर्गात काय शिकवणार आहात ते लिहून काढा. बहुतेक ठिकाणी आधी तारीख ठरते, निरोप जातात आणि बोलायचं काय हे सभा सुरू झाल्यावर सुचतं. मग सगळा वेळ हजेरी आणि शिस्त यांतच जातो, आणि मूल सध्या काय शिकतंय हे विचारायचं राहूनच जातं.

कागदावर घटक उतरले की प्रत्येकासमोर घरी करण्याजोगं एकच काम लिहा. अट एवढीच, की ज्या आईला अक्षरओळख नाही तिलाही ते जमलं पाहिजे. ही अट अजिबात सोडू नका. लंडनच्या हॅरिंगे भागात १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. मुलांनी शाळेतलं पुस्तक घरी न्यायचं आणि आईवडिलांना वाचून दाखवायचं. त्यातल्या काही पालकांना स्वतःला वाचता येत नव्हतं, काहींना इंग्रजी फारसं कळत नव्हतं. तरीही मुलांचं वाचन सुधारलं, आणि ते शाळेत जादा शिक्षक देऊन वाचून घेतलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारलं. ‘आमचे पालक शिकलेले नाहीत, त्यांना काय सांगणार’ हे वाक्य शिक्षकखोलीत ऐकलं की मला फार वाईट वाटतं. ऐकून घेणारं माणूस घरात असणं हीच मोठी मदत आहे.

गणिताच्या कामापुढे मात्र एक खूण करून ठेवा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिली-दुसरीची मुलं होती. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठात मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्याही मनात ती धास्ती वाढली. म्हणून घरी गणित ‘शिकवा’ असं सांगू नका. मुलाला ‘तू हे कसं केलंस ते मला सांग’ एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका, असं सांगा. चूक दिसली तर वहीत खूण करून पाठवा, पुढचं मी बघेन, हेही सांगून ठेवा.

आता निरोप लिहा. तो दोन-तीन ओळींचा असावा आणि पालक घरी बोलतात त्या भाषेत असावा. ‘पाल्याच्या अध्ययनाकडे लक्ष द्यावे’ असं लिहून कुणाच्या हाती काही लागत नाही. ‘या आठवड्यात आम्ही लांबी मोजतोय. आज रात्री मुलाला घरातलं दार वितीने मोजायला सांगा, मग तुम्ही मोजा. दोघांचे आकडे वेगळे का आले, ते त्याला विचारा.’ असा निरोप आला की काय करायचं ते लगेच कळतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हेच बोलून ध्वनिमुद्रित करून पाठवा. ज्या मुलाचे आईवडील जवळ नाहीत त्याच्यासाठी आजी, मामा, मोठी बहीण, जे कोणी असेल त्यांचं नाव हजेरीपटाच्या मागे आधीच लिहून ठेवा. निरोपातही ‘घरचं मोठं माणूस’ असंच लिहा.

एखाद्या पालकाला वर्गात बोलवणार असाल तर तयारी जास्त लागते. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. वेळ पालकाच्या कामाच्या वेळा विचारून ठरवा, त्याची रोजी बुडता कामा नये. शिंपीकाम करणारे वडील येणार असतील तर त्यांना भाषण करायला लावू नका. टेप आणि कापड घेऊन या, एका मुलाचं माप घ्या आणि कापायच्या आधी शिलाईसाठी किती जास्त धरता ते दाखवा, असं आदल्या दिवशी सांगा. मुलांकडून चार प्रश्न आधी लिहून घ्या. वीस मिनिटं पुरतात. त्याच दिवशीचं मोजमापाचं गणित त्यांनी सांगितलेल्या आकड्यांवर घाला, म्हणजे पाहुणे येऊन गेले आणि धडा वेगळाच चालला असं होत नाही.

सभेच्या दिवशी खुर्च्या गोलात मांडा. मोठ्या माणसांना लहान बाकांवर बसवू नका. गुण चारचौघांत वाचू नका. प्रत्येक मुलाची वही उघडून ठेवा, महिन्यापूर्वीचं एक पान आणि कालचं एक. बोलायला सुरुवात त्या दोन पानांमधल्या फरकापासून करा आणि लगेच ‘घरी हा कशात रमतो?’ हे विचारा. उत्तर समोरच लिहून घ्या.

जे आले नाहीत त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून थांबू नका. आठवड्याभरात फोन करा, आणि पहिलं वाक्य मुलाने नीट केलेल्या एखाद्या गोष्टीचं असू द्या. कोणती वेळ सोयीची तेही त्याच फोनवर विचारून कागदावर टिपा, कारण पुढच्या सभेची तारीख त्यावरूनच ठरवायची आहे.